सरकतं काचेचं दार बदलायच्या आधी उंबऱ्यावर मगभर पाणी ओता

ताई, विजापूर रोडवरचं तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून दार डोळ्यांसमोर उभं राहिलं. पहिल्या मजल्यावर हॉलमधून टेरेसवर उघडणारं, सात फूट बाय सात फूट, अ‍ॅल्युमिनियमचं सरकतं दार. तोंड पश्चिमेला, वय सोळा वर्षं. आता ते सरकेना झालंय, दोन्ही हातांनी ढकलावं लागतं. वळीव झोडपून गेला की हॉलमध्ये पाणी येतं. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. फॅब्रिकेटर येऊन 'सगळं काढून नवीन टाका' म्हणून गेला, दीर म्हणतात युपीव्हीसीच (कडक प्लास्टिकचं दार) लावा, आणि मिस्टरांचं म्हणणं असं की ड्रिल घरात आहे, आपणच बसवू. यातलं कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

आज लगेच कुणाचंच ऐकू नका. न सरकणं, पाणी येणं आणि ऊन तापणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्ही एकाच दारावर आली म्हणून दार गुन्हेगार वाटतंय. मी सव्वीस वर्षं सोलापुरात अ‍ॅल्युमिनियमची खिडक्या-दारं बसवतोय आणि 'दार बदलायचंय' म्हणून बोलावलेल्या कितीतरी घरांतून बेअरिंग बदलून परत आलोय. उलटही झालंय. नवं कोरं दार बसवलं आणि पहिल्याच पावसात मालकांचा फोन आला, पाणी तसंच येतंय म्हणून. कारण पाणी दारातून येतच नव्हतं, दाराखालच्या दगडातून येत होतं.

आधी सरकण्याचं बघू, कारण ते सोपं आहे. सरकणाऱ्या पल्ल्याला आम्ही शटर म्हणतो (दुकानाचं नव्हे). तुमच्या मापाच्या एका शटरमध्ये साधारण दोन चौरस मीटर काच बसते. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. म्हणजे ५ मिलिमीटरची काच असेल तर नुसती काच २५ किलो, वर अ‍ॅल्युमिनियम. एवढं वजन सोळा वर्षं खालच्या दोन बेअरिंगवर, म्हणजे चाकांवर, फिरतंय, आणि तेही आपल्या धुळीत. मार्च-एप्रिलमध्ये टेरेस झाडल्यावर सुपलीत काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. तीच धूळ ट्रॅकमध्ये बसते, त्यावर कुणीतरी खोबरेल तेल नाहीतर ग्रीस सोडतं, आणि मग ट्रॅकमध्ये लापशी होते. तेलाने दार दोन दिवस छान चालतं, तिसऱ्या दिवसापासून तेल धूळ धरून ठेवतं. ट्रॅकला तेल नको. सुका ब्रश, जुना टूथब्रश चालेल, मग ओलं फडकं, आणि फारच वाटलं तर सिलिकॉनचा स्प्रे. तो सुकल्यावर चिकट राहत नाही.

ट्रॅक साफ केल्यावरही जड असेल, तर शटरच्या बाजूच्या उभ्या पट्टीत तळाशी एक छोटं भोक शोधा. आत स्क्रू दिसला तर तो बेअरिंग वर-खाली करण्याचा. दोन-तीन फेरे फिरवून शटर थोडं उचलून बघा. बऱ्याचदा बेअरिंग झिजून शटर ट्रॅकवर बसलेलं असतं, आणि उचललं की 'अगं बाई, सरकलं की!' असा आवाज घरातून येतो. भोक नसेल, किंवा फिरवूनही उपयोग नसेल, तर बेअरिंग बदलायची. नायलॉनची स्वस्त चाकं घेऊ नका, स्टीलची दुहेरी चाकाची घ्या. खर्च शेकड्यांतला, नव्या दारासारखा हजारांतला नाही. ट्रॅकची कड बोट फिरवल्यावर करवतीसारखी लागत असेल, तर त्यावर स्टीलची पट्टी चढवता येते. सोळा वर्षांच्या ट्रॅकला ती लागेल असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट मात्र नीट आठवून सांगा. दार पावसाळ्यात अडतं आणि उन्हाळ्यात सुटतं, किंवा याच्या उलट, असं काही होतं का? आपल्याकडे काही प्लॉटवर दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तर काही ठिकाणी खालपर्यंत काळी माती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया नीट घेतला नसेल तर घर त्या मातीबरोबर जरा जरा हलतं. भिंतीला त्याचं फारसं काही वाटत नाही, पण सात फुटांच्या काचेच्या दाराला चार-पाच मिलिमीटरही पुरतात. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली असेल, तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावा आणि शेजारी तारीख लिहा. दोन-चार महिन्यांत ठिपका तडकला तर घर अजून हलतंय. मग माझ्यासारख्याला बोलावू नका, सिव्हिल इंजिनियरला बोलवा. तिरक्या होत जाणाऱ्या गाळ्यात सरळ दार बसवण्यात तुमचेही पैसे जातात आणि आमचंही नाव.

आता पाणी. इथे मी जरा जास्त वेळ घेतो.

सोलापुरात पाऊस कमी, म्हणून गवंडी, मालक, आम्ही, सगळेच पाण्याच्या बाबतीत ढिले असतो. पण जो येतो तो सरळ येत नाही. वळीव वारा घेऊन आडवा मारतो, आणि परतीचा पाऊस कसा येऊ शकतो ते १४ ऑक्टोबर २०२० ला आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या रात्रीनंतर आठवडाभर माझा फोन थांबला नाही. त्यातली दोन घरं माझ्याच हातची होती, त्याबद्दल पुढे सांगतो.

तुमच्या घरी शांत, सरळ पाऊस असला तर पाणी येत नाही आणि वळवाला येतं, हे तुम्ही लिहिलंय. ते महत्त्वाचं आहे. सरकत्या दाराच्या खालच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणारच. शटर सरकायला फट लागते, ती हवाबंद करता येत नाही. म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. वारा नसेल तर पाणी तिथून निमूट बाहेर जातं. वारा सुटला की तो बाहेरून दाबतो आणि ट्रॅकमधलं पाणी आतल्या कडेकडे चढतं. ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासचा वारा पाण्याला साधारण एक सेंटिमीटर उचलून धरू शकतो. वारा दीडपट झाला की पाणी दीडपट नाही, दुपटीहून जास्त चढतं. जुन्या हलक्या ट्रॅकची आतली कड तेवढी उंच नसते, मग पाणी तिच्यावरून सरळ हॉलमध्ये. त्यात ती भोकं धुळीने, नाहीतर फरशीवाल्याच्या व्हाइट सिमेंटने बुजलेली असली, तर वाऱ्याचीही गरज नाही.

पण हा फक्त एक रस्ता झाला. दुसरा रस्ता म्हणजे चौकट आणि भिंत यांच्यामधली फट. तिसरा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सापडणारा, म्हणजे ट्रॅकच्या खालून, उंबऱ्याच्या ग्रॅनाइटच्या सांध्यातून, किंवा ट्रॅक बसवताना आरपार मारलेल्या स्क्रूच्या भोकांतून. हे तीन रस्ते ओळखायला मगभर पाणी पुरतं. तुमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस असेल त्या दिवशी करा, म्हणजे जिवावर येणार नाही.

आतल्या बाजूला, ट्रॅकच्या लगत फरशीवर वर्तमानपत्राची पट्टी पसरा. पहिल्यांदा फक्त बाहेरच्या फरशीवर, दारापासून वीतभर अंतरावर पाणी ओता. ट्रॅकला लागू देऊ नका. दहा मिनिटं थांबा. कागद ओला झाला तर पाणी उंबऱ्याखालून येतंय, आणि जगातलं सगळ्यात महागडं दार लावलं तरी ते येत राहणार. कोरडा राहिला तर आता ट्रॅकमध्ये हळूहळू मगभर ओता आणि बाहेरच्या भोकांतून पाणी पडतंय का ते बघा. पुन्हा दहा मिनिटं. शेवटी चौकट आणि भिंतीच्या सांध्यावर, खालून वर जात, पाणी मारा. क्रम खालून वरच ठेवा. वरून सुरुवात केलीत तर सगळंच एकदम ओलं होईल आणि काहीच कळणार नाही.

उंबऱ्याचं दुखणं निघालं तर दार निघणारच, कारण दार काढल्याशिवाय उंबरा दुरुस्त होत नाही. आणि सोळा वर्षांची जुनी हलकी चौकट एकदा काढली की ती परत नीट बसत नाही, वाकते. म्हणजे तुमचा फॅब्रिकेटर कदाचित बरोबरच सांगतोय, फक्त त्याने उंबऱ्याचं नाव काढलं नाही. त्याला एवढंच विचारा: 'दार काढल्यावर खाली काय करणार?' 'काय नाय ओ, सिलिकॉन मारतो की' असं उत्तर आलं, तर दुसरा माणूस बघा.

खाली करायचं ते असं. जुना दगड काढून खालचा पोकळ, सुटलेला सिमेंटचा भाग खरवडायचा. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि ते दोन्ही टोकांना भिंतीवर वीतभर वर चढवायचे. मग ग्रॅनाइटची एकसंध पट्टी, मध्ये सांधा न देता, बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन. फार ढाळ नको, फूटभर रुंदीला पाव इंच पुरे. पण जिथे ट्रॅक बसणार तेवढी पट्टी लांबीत अगदी पाणसळीत हवी, नाहीतर शटर आपोआप एका बाजूला घरंगळतं. पट्टी बाहेर भिंतीच्या पुढे इंचभर काढायची आणि तिच्या पोटाला खाचा मारून घ्यायचा, म्हणजे थेंब तिथेच सुटतो, मागे वळत नाही. हे गवंड्याचं काम आहे, आमचं नाही. पण ते होताना आमचा माणूस तिथे उभा पाहिजे.

माझी २०२० ची चूक इथलीच. दोन्ही घरांत दार माझं, ट्रॅकची भोकं मी स्वतः पाडलेली. मी गेल्यावर फरशीवाला आला, त्याने ट्रॅकला लागून बाहेरून फरशी भरली आणि सांधा सुबक दिसावा म्हणून भोकांसकट भरून टाकला. मी परत जाऊन बघितलं नाही. त्या रात्री एका घरात पाणी सोफ्याखालपर्यंत गेलं. चूक फरशीवाल्याची म्हणता येईल, पण त्याला भोकं कशासाठी असतात हे सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून शेवटचा हप्ता घेण्याआधी मालकांसमोर ट्रॅकमध्ये बादलीभर पाणी ओतून दाखवतो. तुम्हीही तसं मागा. काम चांगलं करणारा माणूस त्यावर चिडत नाही.

उंबऱ्यावरून आठवलं. सासूबाईंचा पाय ट्रॅकला अडखळतो, म्हणून नवीन दाराचा ट्रॅक फरशीच्या लेव्हलला हवा, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. समजतं मला, पण पाणी आणि सपाट ट्रॅक यांचं भांडण आहे. पश्चिमेच्या, उघड्या टेरेसच्या दाराला आतली कड उंचच लागते. मी अशा घरांत आतल्या बाजूला ट्रॅकच्या उंचीपर्यंत हलका चढाव देऊन लाकडाची किंवा ग्रॅनाइटची उतरती पट्टी लावतो. पाय अडखळत नाही, फक्त झाडू मारायला जरा वेळ लागतो. ट्रॅक खरंच सपाट हवा असेल, तर बाहेर दाराच्या पूर्ण रुंदीला जाळी टाकलेली नाली करून तिचं पाणी वेगळं काढावं लागेल, आणि वर मोठा छज्जा. पहिल्या मजल्यावर स्लॅब फोडून नाली करा असं मी कुणाला सांगत नाही.

आता धरून चालू की दार बदलायचंच ठरलं. मग दिरांचा मुद्दा येतो: अ‍ॅल्युमिनियम की युपीव्हीसी.

दोन्ही चांगलं असतं आणि दोन्ही वाईट मिळतं. युपीव्हीसी उष्णता कमी वाहून नेतं, त्याचे कोपरे वितळवून जोडलेले असल्याने चौकटीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत नाही, आणि धुळीला त्याचं रबर बरं अडवतं. पण ते तापलं की अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट पसरतं. सात फुटांच्या पट्टीत पहाटेच्या थंडीपासून भर उन्हातल्या तापापर्यंत चाळीस अंशांचा फरक धरला, तर अ‍ॅल्युमिनियम दोन मिलिमीटरच्या आसपास वाढतं आणि युपीव्हीसी सहाच्या आसपास. बसवणाऱ्याने तेवढी जागा सोडली नाही तर मे महिन्यात दार अडतं. युपीव्हीसी घेतलंत तर पांढरंच घ्या. लाकडी रंगाचं गडद युपीव्हीसी पश्चिमेच्या उन्हात फार तापतं. आत स्टीलची पट्टी घातलेली आहे का, हे कापलेला तुकडा हातात घेऊन बघा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

अ‍ॅल्युमिनियम घेतलंत तर जुन्या पाऊण इंची सेक्शनमध्ये (चौकट आणि शटर ज्या पोकळ पट्टीतून करतात ती) सात फूट उंच दार करू नका, डोमल नावाचा भारी सेक्शन घ्या. चौरस फुटाचा दर विचारून तीन ठिकाणचे भाव लावणं ही सगळ्यांची सवय आहे, पण तो दर फसवा असतो, कारण अ‍ॅल्युमिनियम आम्ही किलोवर घेतो. आतून पत्रा पातळ असलेला सेक्शन बाहेरून तसाच दिसतो. सेक्शनची जाडी किती, असं लिहून मागा. मी एवढ्या दाराला १.५ मिलिमीटरच्या खाली जात नाही. आणि दोन शटर मध्ये जिथे एकमेकांत अडकतात ती उभी पट्टी, इंटरलॉक म्हणतात तिला, ती दणकट हवी. सगळा वारा तिच्यावर येतो. कुणाच्या घरी त्याच फॅब्रिकेटरने बसवलेलं दार असेल तर तिथे जाऊन इंटरलॉकला मधोमध तळहाताने दाबून बघा. धनुष्यासारखी वाकली तर पुढे बोलू नका. तुमच्या घरासाठी माझा कल अ‍ॅल्युमिनियमकडे आहे, पण ते माझंच काम असल्यामुळे हे थोडं वजा करून ऐका.

डासांसाठी जाळीचं शटर हवं असेल तर तीन ट्रॅकची चौकट आत्ताच सांगा, नंतर वाढवता येत नाही.

काच. तुमच्या जुन्या दारात साधी काच असणार. घरात चार वर्षांचं मूल धावतंय, म्हणून या एका बाबतीत मी परिस्थितीवर काही सोडत नाही: टफन्ड किंवा लॅमिनेटेड, साधी नाहीच. साधी काच फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम थंड केलेली असते, ती चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर खडीसाखरेसारखे बारीक खडे पडतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पातळ थर असतो, फुटली तरी ती जागेवरच चिकटून राहते. दाराच्या आत हॉल आणि बाहेर टेरेसच असल्यामुळे टफन्ड पुरेल. कोपऱ्यात टफन्डचा शिक्का असतो, तो बघून घ्या. त्यासाठीचं भारतीय मानक आयएस २५५३ आहे. आणि काच बसल्यावर मुलाच्या आणि मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर काहीतरी स्टिकर लावा. स्वच्छ पुसलेल्या काचेवर पाहुणे आपटतात, हसू नका, माझ्या दुकानातच दोघं आपटलेत.

टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून माप शेवटी घ्यायचं: उंबरा, गिलावा, ग्रॅनाइट सगळं झाल्यावर. मी सुरुवातीच्या काळात घाई करून गिलाव्याआधी माप घेतलं होतं, काच अर्धा इंच मोठी आली. तिचा मी टेबलाचा टॉप केला, आजही त्यावरच बिलं लिहितो. माप तीन ठिकाणी रुंदीचं, तीन ठिकाणी उंचीचं, आणि त्यातलं सगळ्यात कमी येईल ते धरायचं. त्यातून दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर सोडून चौकट करायची. मग कर्ण मोजायचे. तुमच्या मापाला कर्ण साधारण ९ फूट पावणेअकरा इंच येईल. दोन्ही कर्णांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

आता मिस्टरांसाठी. दादा, ट्रॅक साफ करणं, बेअरिंग बदलणं, ब्रशची पट्टी (शटरच्या कडेची, फटीतली धूळ अडवणारी केसाळ पट्टी) बदलणं हे तुम्ही घरी जरूर करा. शटर काढताना आतून धरून सरळ वर उचलायचं, ते वरच्या खोबणीत शिरतं, मग खालची बाजू आपल्याकडे ओढून बाहेर काढायचं. दोन माणसं, हातमोजे, पायात बूट. चप्पल नाही. जुन्या साध्या काचेवर आधी चिकटपट्टीची फुली मारून घ्या. वरच्या खोबणीत शटर उचलू नये म्हणून कधी कधी प्लास्टिकचा ठोकळा बसवलेला असतो, तो आधी काढा, नाहीतर उगाच जोर लावत बसाल.

पण नवीन चौकट बसवायचं काम स्वतः करू नका. ते अवघड आहे असं नाही. एकदाच करायचं असल्यामुळे चुकून शिकायला दुसरी संधी मिळत नाही, एवढंच. तुम्ही उभे राहून बघा, आणि काय बघायचं ते सांगतो. खालचा ट्रॅक पाण्याच्या लेव्हल नळीने तपासला पाहिजे, उभ्या पट्ट्या ओळंब्याने. प्रत्येक स्क्रूच्या मागे, चौकट आणि भिंतीच्या मध्ये, पॅकिंग पाहिजे. पॅकिंग नसेल तर स्क्रू आवळताना चौकटीचं पोट भिंतीकडे ओढलं जातं आणि शटर मध्ये सैल, वर-खाली घट्ट होतं. पहिला स्क्रू कोपऱ्यापासून सहा इंचांवर, पुढचे दीड-दोन फुटांच्या आत. स्क्रू गिलाव्यात नाही, विटेत दीड-दोन इंच गेला पाहिजे. वर लिंटेलखाली (दारावरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीखाली) थोडी जागा सोडलेली हवी, चौकटीने घराचं वजन उचलायचं नसतं. खालच्या ट्रॅकमधून स्क्रू मारायची वेळ आलीच तर भोकात आधी सिलिकॉन भरून मग स्क्रू.

भिंतीची फट भरताना नुसता फोम नको. फोम पोकळी भरतो, पाणी थांबवत नाही. बाहेरून फोमची गोल दोरी दाबून तिच्यावर सिलिकॉन, आणि सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमला आणि सिमेंटला मानवत नाही, ते सुटतं. ते लावण्याआधी भिंतीची धूळ पुसली का बघा. धुळीवर लावलेलं सिलिकॉन धुळीलाच चिकटतं, भिंतीला नाही. लावल्यावर चोवीस तास पाणी नको. चौकटीवरची संरक्षक पट्टी गवंडीकाम संपेपर्यंत राहू द्या, सिमेंटचे डाग अ‍ॅल्युमिनियमवरून निघत नाहीत. पण काम संपल्यावर ती लगेच काढा. पश्चिमेच्या उन्हात महिनाभर राहिली तर तीच डागासारखी चिकटून बसते.

राहिला उन्हाचा प्रश्न. इथे कुणी तुम्हाला दुहेरी काच विकायला येईल, म्हणून आधीच सांगतो. दुहेरी काच खोलीतला थंडावा धरून ठेवते, आवाज कमी करते, एसी लावत असाल तर उपयोगी आहे. पण काचेवर थेट पडणारं ऊन हा वेगळा हिशोब आहे. साधी पारदर्शक काच उन्हाची साधारण ऐंशी टक्के उष्णता आत सोडते, दुहेरी पारदर्शक काच सत्तरच्या आसपास. एवढ्या फरकासाठी वजन मात्र दुप्पट, म्हणजे शटरमागे नुसती काच ५० किलो, आणि बेअरिंगही तशीच भारी लागणार. उष्णता परतवणारी कोटिंगवाली काच याहून बरी, ती घेतली तर टफन्डच घ्या, कारण अर्धी उन्हात आणि अर्धी छज्ज्याच्या सावलीत तापणारी साधी गडद काच आपोआप तडकू शकते.

याहून स्वस्त आणि सरस उपाय दाराच्या बाहेर आहे. आतून जाड पडदा किंवा चादर टांगली तर ऊन काच ओलांडून आत आल्यावर तुम्ही ते अडवताय. तापलेली चादर मग खोलीच तापवते. बाहेरून बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा सोडला तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. पश्चिमेचं ऊन खालून, तिरपं येतं, म्हणून नुसता दोन फुटांचा छज्जा चार वाजेनंतर काही करत नाही, उभं काहीतरीच लागतं. वर पत्र्याचा छोटा छज्जा आणि पुढे चीक एवढं केलंत, तर पाण्याचाही अर्धा मारा दारापर्यंत येणार नाही.

म्हणून माझा क्रम असा राहील: या आठवड्यात ट्रॅक साफ आणि मगाची परीक्षा. कागद पहिल्याच मगाला ओला झाला तर दार काढणं आलं, मग ते उंबऱ्यासकट करा आणि काम वळवाच्या तोंडावर काढू नका. दिवाळी झाल्यापासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो, हवा कोरडी असते आणि दार दोन दिवस उघडं राहिलं तरी चालतं. कागद कोरडा राहून पाणी फक्त ट्रॅकवरूनच येत असेल, तर भोकं मोकळी करा, बेअरिंग आणि ब्रश बदला, बाहेर चीक लावा, आणि जुन्या काचेच्या जागी तेवढी टफन्ड काच टाकून हेच दार अजून काही वर्षं वापरा.

कुठल्या मगाला कागद ओला झाला, आणि खालच्या ट्रॅकची आतली कड फरशीपासून किती मिलिमीटर वर आहे, एवढं मोजून सांगा. दोन्ही समजलं की दार ठेवायचं की काढायचं ते सांगता येईल.